राशीचा स्वामी की महिन्याची देवता? फेराराच्या भिंतीवरची गल्लत

इटलीत फेराराच्या स्किफानोया महालात ‘महिन्यांचं दालन’ आहे. १४७० च्या आसपास रंगवलेलं. एप्रिलच्या चित्रात वर हंसांनी ओढलेल्या रथनौकेवर रोमन प्रेमदेवता व्हीनस (म्हणजेच शुक्र) बसलीय, पुढ्यात साखळीनं जखडलेला युद्धदेव मार्स (मंगळ) गुडघे टेकून. मधल्या निळ्या पट्ट्यात वृषभ रास. वृषभेचा स्वामी शुक्र, हे आपल्याला पत्रिकेमुळे पाठच असतं. म्हणजे वर बसलाय तो शुक्र ग्रह, असं वाटून आपण मोकळे होतो.

आता शेजारचा मार्च बघा. रास मेष, म्हणजे वर मंगळ हवा. रथात आहे मिनर्व्हा! ऑगस्टच्या कन्येवर सिरीझ, सप्टेंबरच्या तुळेवर व्हल्कन. हे सगळे रोमन देव-देवी, पण ही मंडळी ग्रहच नव्हेत. सगळ्यात फसवा जून: कर्केवर मर्क्युरी. बुध ग्रह आहे खरा, पण कर्केचा स्वामी चंद्र. कोडं सुटतं ते मनिलियस या रोमन कवीपाशी. त्यानं बारा राशींना बारा मुख्य, म्हणजे ऑलिंपियन, देव रक्षक म्हणून वाटून दिले होते. तीच वाटणी या भिंतीवर आहे, हे कलेतिहासकार आबी वारबुर्गनं १९१२ साली रोममधल्या व्याख्यानात दाखवून दिलं. एप्रिलमध्ये दोन्ही याद्या योगायोगानं जुळतात, इतकंच.

खरे ग्रह बघायचे तर पेरुजाला जा. तिथल्या सराफांच्या सभागृहात, कोलेजो देल काम्बिओत, पेरुजिनोच्या हाताखाली रंगलेल्या छतावर सातच रथ आहेत, त्यांत सूर्य-चंद्रही आले, आणि प्रत्येकाच्या राशी चक्क रथाच्या चाकांत. देव मोजावेत, बारा की सात, आणि चाकं बघावीत. माझ्या मते चेहरे-आयुधं न्याहाळण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण व्हीनस दोन्हीकडे व्हीनसच दिसते.

फेरारातला मधला पट्टा मात्र आपल्याला जवळचा. तिथे दर राशीत तीन आकृत्या आहेत, राशीच्या एकेका तिसऱ्या भागाची एकेक. आपल्या ज्योतिषात या भागांना द्रेष्काण म्हणतात. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणून फाटक्या पांढऱ्या कपड्यातला, कमरेला दोर बांधलेला एक काळा माणूस उभा आहे. वारबुर्गनं त्याचा माग अरबी ग्रंथकार अबू मअशरमार्गे थेट वराहमिहिरापर्यंत काढला. त्याच्या बृहज्जातक या ग्रंथात मेषेच्या पहिल्या द्रेष्काणात हाच काळा पुरुष कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळून उभा आहे. तिथे त्याच्या हातात परशू आहे. फेराराला पोचेपर्यंत तो कुठेतरी गळून पडला.