१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम संख्या म्हणजे १११११११११ चा, म्हणजे नऊ वेळा लिहिलेल्या १ चा वर्ग. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती तीच राहते. भारतीय पद्धतीने ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहितात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे लावली तर सर्वांत डावीकडचा १ ‘मध्य’ (म्हणजे १०¹⁶ च्या) स्थानी येतो.

हा आकार कुठून येतो ते कागदावर गुणाकार मांडला की लगेच दिसते. १११११११११ च्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून, एकाखाली एक लिहाव्यात. पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, आणि पुढे पुन्हा उतरण. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सगळी गंमत या हातचा न येण्यात आहे. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० होतात, तिथला हातचा शेजारच्या ९ चेही १० करतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते. ८ गळतो, मध्ये दोन शून्ये येतात.

मूळ अवयव: ३⁴ × ३७² × ३३३६६७². त्यामुळे एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१ असून या संख्येला ८१ ने गुणले की ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१, मिळतो. याच नात्यामुळे तिच्या व्यस्ताचा (१ ला तिने भागून येणाऱ्या संख्येचा) दशांश विस्तार विलक्षण देखणा आहे. दशांश चिन्हानंतर नऊ-नऊ अंकांचे गट पाडले तर पहिला गट शून्यांचा, आणि मग ०००००००८१, ००००००१६२, ००००००२४३ असा ८१ चा पाढाच सुरू होतो. दहा किंवा त्याहून मोठा पाया असलेल्या कोणत्याही संख्यालेखन पद्धतीत हेच अंक लिहिले तरी पूर्ण वर्गच मिळतो, कारण तिथेही हातचा नसतो.

१, १२१, १२३२१ या मालिकेतील ही नववी संख्या. नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ही कल्पना त्यांना जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली होती.

संगणकावर पडताळताना जपावे. एक्सेल १५ सार्थ अंकच दाखवते, त्यामुळे उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. ६४ बिटांच्या द्विमान तरत्या बिंदूच्या (डबल) प्रकारात २⁵³ च्या पुढच्या सगळ्या विषम संख्या हुकतात, म्हणून तिथे शेवटी ३२१ ऐवजी ३२० येते. ६४ बिटांच्या पूर्णांक प्रकारात मात्र संख्या अचूक मावते.