कॅन्सस आणि आर्कन्सॉ: नावं जुळी, वाटा वेगळ्या

अमेरिकेतली ही दोन राज्यं एकमेकांना लागून नाहीत, मध्ये ओक्लाहोमा आणि मिझुरी येतात. पण रोमन लिपीत कॅन्ससच्या आधी दोन अक्षरं लावली की आर्कन्सॉचं नाव तयार होतं. त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्याला सर्रास ‘आर्कान्सास’ म्हटलं जातं.

हे साम्य योगायोगाचं नाही. कॅन्सस नदीला आणि नंतर राज्याला नाव मिळालं ते कांसा, म्हणजेच कॉ या मूलनिवासी लोकांवरून. आर्कन्सॉत क्वापॉ लोक राहत. क्वापॉ हे त्यांच्या स्वतःच्या नावावरूनच आलेलं, पण उत्तरेकडच्या इलिनॉय लोकांनी त्यांना ‘अकान्सा’ म्हटलं. १६७३ मध्ये मार्केत आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी मिसिसिपी नदीतून खाली आले, तेव्हा फ्रेंचांनी तेच परक्यांनी दिलेलं नाव उचललं. कांसा आणि क्वापॉ यांच्या भाषा सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोन्ही नावांचं मूळ एकच असल्याचं भाषातज्ज्ञ मानतात. फरक पडला तो पुढे. फ्रेंचांनी नावाला अनेकवचनाचा ‘स’ जोडला, पण तो उच्चारला नाही. कॅन्ससचं नाव मात्र इंग्रजी वळणाने रुळलं आणि शेवटचा ‘स’ ऐकू येत राहिला.

आर्कन्सॉचा उच्चार तिथेही वादाचा होता. अखेर १८८१ मध्ये विधिमंडळाने ठरावच केला: शेवटचा ‘स’ मूक. गंमत अशी की आर्कन्सॉ नदी कॅन्ससमधूनही वाहते, आणि तिथले अनेक जण तिला आजही ‘आर्कॅन्झस’ म्हणतात. नदी तीच, राज्याची हद्द ओलांडली की नाव बदलतं!

टोपणनावांत मात्र दोघांचा स्वभाव पूर्ण निराळा. आर्कन्सॉची नावं बरीचशी सरकारी आहेत. पूर्वी लोक त्याला ‘अस्वलांचं राज्य’ म्हणत. मग १९२३ मध्ये ‘अद्भुत राज्य’, १९५३ मध्ये ‘संधीची भूमी’ आणि १९९५ मध्ये ‘निसर्गाचं राज्य’ अशी नावं अधिकृतपणे स्वीकारली गेली. ओझार्कचे डोंगर आणि बफेलो नदी पाहता शेवटचं मला सगळ्यात साजेसं वाटतं.

कॅन्ससला ‘सूर्यफुलांचं राज्य’ म्हणतात. १९०३ मध्ये सूर्यफूल राज्यफूलही झालं. पण माझ्या मते त्याचं खरं वजनदार टोपणनाव ‘जेहॉकर राज्य’ हे आहे. १८५४ च्या कायद्याने गुलामगिरीचा निर्णय इथल्या वसाहतकारांच्या मतावर सोपवला. दोन्ही बाजूंचे लोक लोटले, खून पडले, आणि या प्रदेशाला ‘रक्तबंबाळ कॅन्सस’ हे नाव चिकटलं. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांना जेहॉकर म्हणत. त्यांनी लुटालूटही केली, तरी १८६१ मध्ये कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणूनच संघराज्यात आलं. आज कॅन्सस विद्यापीठाचे खेळाडू जेहॉक्स म्हणून मैदानात उतरतात.