बोटीचं ग्रीस, तेल आणि वॅक्स: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

मे संपत आला की मालवण, देवबाग, वेंगुर्ल्यापासून वर हर्णैपर्यंत फायबरच्या होड्या वर ओढायला सुरुवात होते. १ जूनपासून मासेमारी बंद, पर्यटकांच्या बोटीपण त्याच सुमारास थांबतात, आणि मग आऊटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते) काढून घरी आणायचं, तेल बदलायचं, ग्रीस मारायचं, हे सगळं पहिला मोठा पाऊस यायच्या आत उरकायचं असतं. तेव्हा दुकानात प्रश्न पडतो की ज्या डब्यावर "मरीन" लिहिलंय तो घ्यायचा की बाजूचा ट्रक-ट्रॅक्टरवाला साधा डबा, जो कितीतरी स्वस्त आहे. याला सरसकट एक उत्तर नाहीये. काही जागी साधा डबा चांगलाच चालतो आणि जास्तीचे पैसे फुकट जातात, आणि एक-दोन जागी मात्र वाचवलेले शे-दोनशे रुपये अख्खं इंजिन खातात. कुठली जागा कुठली, हे ठरवायला थोडी केमिस्ट्री पुरते.

आधी मीठ. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात बहुतेक आपलं खायचं मीठच, म्हणजे सोडियम क्लोराइड, पण थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि खरा त्रास तेच देतं. साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं ते हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. कोकणातली हवा एवढी कोरडी क्वचितच होते. म्हणजे तुम्ही बोट वर काढली, उन्हात ठेवली, हाताला कोरडी लागली, तरी बोल्टच्या फटीत खाऱ्या पाण्याचा पातळ थर टिकून असतो आणि गंज आपलं काम रात्रंदिवस करत राहतो. म्हणून कुठलंही वंगण लावायच्या आधी गोड्या पाण्याने धुवायचं, इंजिनाच्या आत पाणी फिरतं त्या वाटासुद्धा, आणि नीट सुकू द्यायचं. मिठावर ग्रीस लावलं तर मीठ ग्रीसखाली कोंडलं जातं. विहिरीचं पाणी फुकट आहे, आणि सगळ्या देखभालीत सगळ्यात जास्त फायदा तेच देतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ग्रीस. ग्रीस म्हणजे घट्ट तेल असं आपण समजतो, पण ते असतं साबणाच्या बारीक तंतूंमध्ये अडकवलेलं साधं पातळ तेल. बेसनाच्या लाडवात तूप असतं ना तसं, दाबलं की थोडं बाहेर येतं, सोडलं की आत राहतं. वंगणाचं काम ते तेल करतं, साबण फक्त त्याला जागेवर धरून ठेवतो. आणि बोटीसाठी सगळा फरक पडतो तो या साबणात, कारण पाण्यासमोर कोण टिकणार हे साबणच ठरवतो. सोडियमचा साबण पाण्यात चक्क विरघळतो, ते ग्रीस बोटीच्या जवळपासही नको. लिथियमचा साबण सगळ्यात जास्त वापरात आहे, गॅरेजवाले ज्याला एपी-थ्री किंवा एमपी-थ्री म्हणतात ते बहुतेक हेच, आणि गंमत म्हणजे त्यातलं मुख्य फॅटी ॲसिड एरंडेल तेलापासून बनतं, ज्याचं जगातलं सगळ्यात जास्त उत्पादन आपल्याकडे, त्यातही गुजरातमध्ये होतं. लिथियम ग्रीस उष्णता छान सोसतं पण पाण्यात त्याची कामगिरी ठीकठाकच, सारख्या लाटा खाणाऱ्या जागी ते हळूहळू पांढरट होतं आणि धुऊन जातं.

आणि मग येतं कॅल्शियम. हे जुनं, स्वस्त, ट्रकच्या चेसिसला मारतात ते ग्रीस बऱ्याचदा कॅल्शियमचंच असतं. कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही, पाण्याला जवळ येऊ देत नाही. त्याचा दोष एकच, साध्या प्रकारात साबणाची बांधणी टिकवायला थोडं पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं आणि ८० अंशांच्या आसपास तापलं की ते पाणी उडून जातं, मग तेल वेगळं आणि साबण वेगळा. ट्रकच्या चाकाच्या बेअरिंगला म्हणूनच ते चालत नाही. पण आऊटबोर्डच्या स्टिअरिंगची नळी, इंजिन वर उचलताना फिरतो तो टिल्टचा पिन, इंजिन होडीला आवळणारे क्लॅम्पचे स्क्रू, प्रोपेलरच्या शाफ्टचे दाते या जागा कधी ८० अंशांना जातात का? त्या तर सतत खारं पाणी खात असतात. म्हणजे जिथे उष्णता नाही आणि पाणी भरपूर आहे तिथे स्वस्तातलं कॅल्शियम ग्रीस महागड्या साध्या लिथियमपेक्षा सरस ठरू शकतं, आणि ही गोष्ट मला वाटतं प्रत्येक होडीवाल्याला माहीत पाहिजे.

थोडे जास्त पैसे असतील तर कॅल्शियम सल्फोनेट नावाचं ग्रीस शोधा. त्यात पाणी, उष्णता आणि गंज तिन्हीचा बंदोबस्त होतो, गंज रोखायला वेगळं रसायन फारसं घालावं लागत नाही कारण त्याचा घट्ट करणारा पदार्थच गंजरोधक आहे. पूर्वी हे फार महाग वाटायचं. पण बॅटऱ्यांमुळे लिथियमची मागणी वाढली, २०२२ च्या सुमारास भाव कडाडले, तेव्हापासून ग्रीस बनवणाऱ्या कंपन्यापण कॅल्शियमकडे जास्त वळायला लागल्यात. "मरीन" लिहिलेल्या बऱ्याच डब्यांत आत हेच असतं, मग तेच ग्रीस कारखान्यांसाठी विकणाऱ्याकडून मोठ्या डब्यात घेतलं आणि चार-पाच होड्यांनी वाटून घेतलं तर खर्च खूप उतरतो.

हे ओळखायचं कसं? रंगावरून अजिबात नाही. लाल, निळा, हिरवा हा नुसता डाय असतो, एका कंपनीचं निळं लिथियम तर दुसरीचं निळं कॅल्शियम. कंपनीच्या वेबसाइटवर त्या ग्रीसची डेटा शीट फुकट मिळते, मोबाइलवर दुकानात उभ्या उभ्या बघता येते. त्यात तीन ओळी वाचायच्या. पहिली, साबण कुठला. दुसरी, एनएलजीआय नंबर, म्हणजे घट्टपणा, ग्रीस गनमधून मारायला २ नंबर बरा, ३ जरा घट्ट होतो आणि अरुंद नळीत पुढे सरकत नाही. तिसरी, वॉटर वॉशआऊट. ही टेस्ट अशी करतात की बेअरिंगमध्ये ४ ग्रॅम ग्रीस भरून ते मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरवतात, वर तासभर गरम पाण्याचा फवारा, आणि शेवटी किती टक्के ग्रीस वाहून गेलं ते मोजतात. हा आकडा जेवढा कमी तेवढं ते ग्रीस आपल्या कामाचं. फक्त दोन ग्रीसची तुलना करताना पाण्याचं तापमान एकच आहे ना ते बघा, टेस्ट ३८ अंशांना पण करतात आणि ७९ ला पण. ज्या डब्याची डेटा शीटच सापडत नाही तो डबा मी तरी घेणार नाही, मग त्यावर नांगराचं चित्र असो की जहाजाचं.

एक सावधगिरी, वेगवेगळ्या साबणांची ग्रीस एकमेकांत मिसळू नका, काही जोड्या एकत्र आल्या की दोन्ही पातळ होऊन गळतात. जुनं ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत नवीन पंप करत राहायचं, आणि बाहेर येणारं ग्रीस दुधाळ असेल तर समजायचं की आत पाणी शिरलं होतं. ग्रॅफाइट असलेलं काळं ग्रीसही बोटीवर नको. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि खाऱ्या पाण्यात त्याची ॲल्युमिनियमशी गाठ पडली की जणू बॅटरीच तयार होते, त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे इंजिनाचा पाय. याच कारणाने त्या पायावर जस्ताचा जो तुकडा लावलेला असतो त्याला ग्रीस, रंग, वॅक्स काहीही लावायचं नाही, ॲल्युमिनियमच्या ऐवजी तो झिजावा म्हणूनच तो तिथे आहे. वॉटर पंपचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी चक्री, बसवताना ग्रीसऐवजी साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन वापरा, पेट्रोलियम तेलाने काही रबरं फुगतात. बॅटरीच्या टर्मिनलला साधं व्हॅसलीन पुरतं, घट्ट आवळून झाल्यावर वरून चोपडायचं.

स्प्रेबद्दल थोडक्यात. डब्ल्यूडी-४० च्या नावातच त्याचं काम आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला ते पाणी हटवायला म्हणून बनवलं, ४० व्या प्रयत्नाला जमलं, आणि ॲटलस क्षेपणास्त्राचं पातळ कवच गंजू नये म्हणून वापरलं गेलं. ओल्या वायरिंगवरचं पाणी हटवायला, अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम, पण त्यातला बराच भाग उडून जाणारा असतो, मागे राहतो तो अगदी पातळ थर. त्याला ग्रीसच्या जागी धरू नका.

आता जिथे पैसे वाचवायचे नाहीत ती जागा. टू-स्ट्रोक आऊटबोर्ड असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ हा मार्क असलेलंच पाहिजे, इथे मोटरसायकलचं टू-टी तेल चालवायचा मोह टाळा. कारण असं की बाइकचं इंजिन हवेने थंड होतं म्हणून खूप तापतं, आणि एवढ्या तापात पिस्टन स्वच्छ ठेवायला त्या तेलात धातूयुक्त डिटर्जंट घातलेले असतात, ते जळल्यावर राख उरते. आऊटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होतं, त्यामुळे ते तुलनेने गार असतं आणि वर तासन् तास फुल थ्रॉटलवर चालतं. ती राख तिथे प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर साचते, साचलेला कण लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतो आणि मग पिस्टनला भोक पडायची पाळी येते. टीसी-डब्ल्यू-३ मध्ये राख न करणारे डिस्पर्संट, म्हणजे घाण साचू न देणारी रसायनं, असतात, फरक तेवढाच आणि तोच सगळं काही आहे. नावातला डब्ल्यू म्हणजे पाण्याने थंड होणारं. बचत करायची तर प्रमाणात अचूक राहून करा, मॅन्युअल ५०:१ सांगत असेल तर २५ लिटर पेट्रोलला ५०० मिली, अंदाजाने ओतू नका, कमी पडलं तर इंजिन जातं आणि जास्त पडलं तर धूर आणि कार्बन. फोर-स्ट्रोकला जरा मोकळीक आहे, एफसी-डब्ल्यू मार्कचं तेल खाऱ्या हवेतल्या गंजासाठी तपासलेलं असतं म्हणून ते पहिली पसंती, पण बऱ्याच मॅन्युअलमध्ये ठरावीक ग्रेडचं साधं कारचं तेलही मान्य केलेलं आहे, तुमचं मॅन्युअल उघडून बघा.

खालच्या गिअरकेसमध्ये बऱ्याच छोट्या इंजिनांना एसएई ९० हायपॉइड गिअर ऑइल लागतं, ते चांगल्या कंपनीचं साधंसुद्धा चालतं. इथे तेलापेक्षा शाफ्टभोवतीचं, पाणी आत येऊ न देणारं सील महत्त्वाचं. मासेमारीची तंगूस प्रोपेलरमागे शाफ्टला गुंडाळली जाते, सील कापते, आत पाणी शिरतं आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. पावसाळ्यापूर्वी ते तेल काढून बघा, दुधाळ असेल तर आधी सील बदला. नवीन तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवीन टाकायचे. त्या वॉशरची किंमत एका चहाएवढी असेल, तरी लोक जुनेच परत लावतात याचं मला फार वाईट वाटतं.

वॅक्सकडे येऊ. लाकडी होड्या होत्या तेव्हा मोरी माशाच्या लिव्हरचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल असं काय काय चोपडायचे आणि त्यात तथ्य होतं, काजूच्या तेलातली फिनॉल जातीची रसायनं लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना नकोशी असतात. फायबरला कीड लागत नाही, त्याचा शत्रू ऊन. बोटीचा वरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, पॉलिएस्टर रेझिन आणि रंग, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अतिनील किरणांनी रेझिनच्या साखळ्या तुटतात, रंगाची पूड उघडी पडते, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. वॅक्स हे बिघडलेलं दुरुस्त करत नाही, ते फक्त बारीक छिद्रं बुजवून वर एक थर देतं जो जेलकोटच्या आधी स्वतः झिजतो.

सगळ्यात कठीण नैसर्गिक वॅक्स कार्नौबा, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं. तिथल्या कोरड्या ऋतूत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच ते अंगावर तयार करतं. ते वितळतं ८२ ते ८६ अंशांना, मधमाशांचं मेण ६२-६४ ला आणि स्वस्त पॉलिशमधलं पॅराफिन बऱ्याचदा त्याहून खाली. मेच्या उन्हात गडद रंगाची बोट किती तापते ते हात लावून बघा, मग पॅराफिनचा थर आठवड्यात का नाहीसा होतो ते कळेल. म्हणून स्वस्त घ्यायचं तर कार्नौबा असलेली पेस्ट घ्या, पातळ लिक्विडमध्ये पैसे बऱ्याच अंशी उडून जाणाऱ्या द्रावकाचे जातात. कारची पेस्ट वॅक्स चालते, फक्त त्यात सिलिकॉन नको आणि घासणारी पावडर नको. सिलिकॉन एकदा जेलकोटमध्ये मुरलं की पुढे पॅच मारताना नवीन रेझिन आणि रंग धरत नाही, आणि आपल्या होड्यांना पॅच तर दरवर्षी लागतो. फायबरच्या बोटी बनवणारे बोट साच्यातून सुटावी म्हणून साच्याला जे रिलीज वॅक्स लावतात ते पण बऱ्याचदा कार्नौबाचंच असतं आणि रेझिनच्या दुकानात मिळतं, त्यात ऊन अडवणारी रसायनं नसतात त्यामुळे जास्त वेळा लावावं लागेल, पण थर कडक बसतो. याच वॅक्सचा अंश नव्या बोटीच्या अंगावर राहिलेला असतो, म्हणून तो न पुसता रंगवलेलं बोटीचं नाव पहिल्याच सीझनला सोलून निघतं.

लावायच्या आधी एक साधी तपासणी करा, बोटीवर पाणी ओता. ओली असताना चमकते आणि सुकल्यावर पुन्हा मळकट दिसते असं झालं तर वरचा थर मेलेला आहे, आधी बारीक रबिंग कंपाऊंडने तो काढायला लागेल, पण हलक्या हाताने आणि शक्य तितक्या कमी वेळा, अर्धा मिलिमीटर पुन्हा येत नाही. मग सावलीत, गार झालेल्या बोटीवर, जुन्या सुती कापडाने पातळ थर, धुरकट झाला की पुसायचा आणि वर दुसरा. एकदा पावसाळ्यापूर्वी होडी झापांखाली जायच्या आधी, एकदा सीझन सुरू होताना. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला वॅक्स नको, तिथे शेवाळ-कालवं रोखणारा रंग लागतो आणि तो वॅक्सवर धरत नाही. आणि जिथे माणसं उभी राहतात, चढतात-उतरतात त्या डेकवर तर अजिबात नको, ओल्या वॅक्सवरून पाय सटकला तर माणूस थेट पाण्यात किंवा इंजिनावर.