मनोरंजन उद्यानाचा ऱ्हास (ठाणे–नवी मुंबई परिसर)

पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ आणि खाण्यापिण्याची सोय एका कुंपणात आणून प्रवेशाला तिकीट लावणारे उद्यान हळूहळू कसे खंगते आणि शेवटी का बंद पडते, याची ही नोंद. लोकांना दिसते ती फाटकावरची ‘बंद’ची पाटी, घसरण मात्र त्याच्या कितीतरी आधी वर्कशॉपमध्ये सुरू झालेली असते. ठाणे आणि नवी मुंबई पट्ट्यात या घसरणीला तीन गोष्टींचा हातभार लागतो : चार महिन्यांचा पाऊस, खाडीची खारी हवा आणि जमिनीचा भाव. त्यातली शेवटची सर्वांत बलवान असली, तरी सुरुवात पहिल्या दोघींपासून होते.

हंगामाचे गणित

ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिमी पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाण्याच्या खेळांची खरी कमाई एप्रिलच्या मध्यापासून शाळा उघडेपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत होते. कोरड्या पाळण्यांना दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतर फेब्रुवारीपर्यंतच्या शाळांच्या सहली तारतात. सहलीचा दर सवलतीचा असतो, पण ती कामाच्या वारी येते आणि एरवी रिकामा जाणारा मंगळवार-बुधवार भरून काढते. म्हणून घसरण मोजायची तर रविवारची गर्दी पाहून उपयोग नाही. कामाच्या वारी फाटकासमोर किती बस उभ्या राहतात ते मोजावे.

सहलीला कुठे जायचे हे ठरवणाऱ्या बाई किंवा सर पाळण्यांची उंची पाहत नाहीत. मुलींसाठी स्वच्छतागृहे किती, डबा खायला सावली आहे का, प्रथमोपचाराच्या खोलीत माणूस हजर असतो का, हे त्या विचारतात. नळ गळतोय आणि कडी तुटलीय अशा एका स्वच्छतागृहापायी एक शाळा हातची जाते, आणि गेलेली शाळा सहसा परत येत नाही. खर्च कापताना मात्र सफाई कामगारच आधी कमी केले जातात. यात वाचतात थोडे पैसे आणि जाते अख्खी सहल.

गंज, रंग आणि पाऊस

या भागातल्या उद्यानांची सर्वांत मोठी अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात गर्दी नसते, तेव्हा देखभाल उरकून घ्यावी, असे कोणालाही वाटेल. पण पोलादावर रंग चढवायचा तर हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली लागते आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन साचते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात ही अट क्वचितच जुळते. ओलसर पोलादावर मारलेला रंग वर्षाच्या आत फुगतो आणि त्या फुग्याखाली गंज निवांत पसरतो. वेळ असते तेव्हा हवा नसते. हवा असते तेव्हा हंगाम असतो. उरते ती पाऊस संपल्यापासून दिवाळीपर्यंतची काही आठवड्यांची खिडकी. ज्यांच्याकडे मोठी शेड आहे ते पाळण्याच्या बैठका, आडवे हात, साखळ्या खोलून आत घेतात आणि पावसातही काम करतात. शेड नसलेले उद्यान दर वर्षी थोडे मागे पडत जाते.

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीलगतच्या हवेत मिठाचा अंश असतो. पोकळ पाइपाच्या आत ओल साचते, तिला वाट मिळाली नाही की पाइप आतून खातो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. असा पाइप हातोडीने हलके ठोकला तर खणखणीत न वाजता बद्द वाजतो. खात्री मात्र जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रानेच होते. वेल्डिंगच्या जोडांना पुन्हा पुन्हा ताण बसून थकव्याच्या बारीक चिरा पडतात. त्या शोधायला जोड आधी रंग काढून लख्ख साफ करायचा, त्यावर लाल द्रावण लावायचे, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे, पुसायचे आणि वर पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. कोलंबससारख्या झुलत्या नावेचा मुख्य दांडा, आकाशपाळण्याच्या आऱ्यांचे जोड आणि टोराटोरा या गरगर फिरणाऱ्या पाळण्याच्या हातांचे पिन ही नेमाने तपासायची ठिकाणे. १४ जुलै २०१९ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठचा झुलता पाळणा माणसांसकट तुटून कोसळला, त्यानंतर या तपासण्यांकडे सगळीकडे नव्याने लक्ष गेले.

चांगला फिटर महत्त्वाचा नट आवळून झाला की नट आणि बोल्टवरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतो. सकाळच्या फेरीत तो टॉर्च मारून नुसत्या रेघा पाहतो. एखादी रेघ मध्येच तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. शंभर बोल्टांची तपासणी अशी दहा मिनिटांत होते. उद्यानाची पडझड सुरू झाली की याच रेघांवरून हंगामाआधी सरसकट भडक रंग मारला जातो. प्रवाशाला पाळणा नवा दिसतो, फिटरला मात्र काहीच दिसेनासे होते. ताजा रंग आणि पुसलेल्या निशाण्या हे आजारी उद्यानाचे पहिले लक्षण मानावे.

दुसरे लक्षण सुट्या भागांचे. आयात पाळण्याचा सेन्सर किंवा कंट्रोल पॅनेलचे कार्ड कंपनीनेच बनवणे बंद केलेले असते. मग बंद पडलेल्या पाळण्याचा भाग काढून चालत्या पाळण्याला बसवतात. डॅशिंग कारच्या ताफ्यातल्या गाड्या अशाच एकेक करून कोपऱ्यात जातात. इथवर धोका नसतो, फक्त खेळ कमी होतात. पण सेफ्टी बार पूर्ण बसला आहे हे सांगणारा स्विच बिघडला आणि नवा मिळत नाही म्हणून वायरचा तुकडा लावून तो ‘बायपास’ केला, की त्या क्षणी पाळणा बंदच करायला हवा. १०.९ दर्जाच्या बोल्टच्या जागी बाजारातला कमी ताकदीचा ८.८ बसवणे हेही त्याच जातीचे काम. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. तो वाचायला कसलेच यंत्र लागत नाही.

रोजच्या कामाचा क्रम असा : उघडण्याआधी नजरेची फेरी, मग दोन-तीन रिकाम्या फेऱ्या, मोठ्या दुरुस्तीनंतर बैठकांवर वाळूच्या पिशव्या बांधून फेऱ्या, आणि त्यानंतरच नोंदवहीत सही. फिरत्या बेअरिंगमधून बाहेर आलेले जुने ग्रीस बोटांवर चोळून पाहतात. त्यात चकाकणारी बारीक कणी लागली तर आतली कडी झिजू लागली आहे. ही माहिती वहीत उतरली तरच उपयोग. जाणकार फिटर परदेशी किंवा दुसऱ्या उद्यानात निघून जातो तेव्हा वही रिकामी असेल, तर पाळण्याचा सगळा इतिहास त्याच्याबरोबर जातो.

पाणी

जलोद्यानात मोकळा क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवतात. १,००० घनमीटरच्या लाटांच्या तलावात क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवायला ६५ टक्के ताकदीची सुमारे दीड किलो पावडर लागते. मे महिन्यात ऊन हा क्लोरीन भराभर उडवते, म्हणून मोजमाप दिवसातून कित्येकदा करावे लागते. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की लोक म्हणतात, औषध जास्त पडले. बहुधा उलट असते : घाम-लघवीशी बांधला गेलेला क्लोरीन साचलेला असतो आणि मोकळा उरलेला नसतो. त्यावर उपाय म्हणजे मात्रा वाढवणे, ताजे पाणी घेणे आणि वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटे सोडून तो धुणे, वेळेवर करणे. बॅकवॉशला पाणी जाते, पाण्याला टँकर लागतो, आणि टंचाईच्या मे महिन्यात टँकरच मिळत नाही. म्हणून बॅकवॉश पुढे ढकलला जातो आणि दुपारी तीनपर्यंत पाण्यातून तळ दिसेनासा होतो. तळ दिसत नसेल तर जीवरक्षकालाही बुडालेला दिसत नाही. अशा वेळी तलाव रिकामा करावा, परतावा द्यावा लागला तरी.

फायबरच्या घसरगुंडीचा वरचा चकचकीत थर उन्हाने खडूसारखा होतो आणि आतले काचेचे तंतू वर येतात. सकाळी सुती फडके घसरगुंडीवरून ओढत नेले तर ते जिथे अडकते, तिथेच दिवसभरात पाठी खरचटतात. दोन तुकड्यांच्या जोडात खालचा काठ वर आला असेल तर जखम होते, म्हणून पाण्याच्या दिशेने पुढचा तुकडा किंचित खाली बसवतात.

रस्ता, शेजार, जमीन

उद्याने गावाबाहेर उभारली गेली होती. गाव त्यांच्यापर्यंत आले. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत जिथे झाडी होती तिथे आज मनोरे आहेत. कल्याण-डोंबिवलीहून निघालेली सहलीची बस कापूरबावडीला आणि माजिवड्याला अडकते, मेट्रो ४ च्या कामाने ती आणखी रखडली, आणि मुलांचा खेळायचा वेळ रस्त्यातच जातो. ठाणे–बोरिवली जोडबोगद्याचे ठाण्याकडचे तोंड टिकुजिनीवाडीजवळ आहे, बोरिवलीकडचे मागाठाण्याला. असा प्रकल्प आला की त्या भागातल्या प्रत्येक मोकळ्या एकराकडे पाहण्याची नजर बदलते.

नव्या शेजाऱ्यांना रेन डान्सचा आवाज नको असतो, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच घातलेली आहे. त्यातच मॉल आले : ठाण्यात २०१३ साली विवियाना, नवी मुंबईत २०१७ साली सीवूड्स. वातानुकूलित गेम झोनमध्ये पाऊसही लागत नाही आणि ऊनही. पूर्ण दिवस, लांबचा प्रवास आणि डब्याची पिशवी लागणारी सहल, दोन तासांच्या खेळापुढे मागे पडते. १ जुलै २०१७पासून प्रवेशावर २८ टक्के जीएसटी लागला. २५ जानेवारी २०१८पासून तो १८ टक्क्यांवर आला. मग २०२० आणि २०२१ असे सलग दोन उन्हाळे महासाथीत बुडाले, आणि ज्यांची दुरुस्ती आधीच थकली होती त्यांना पुन्हा उघडण्याचा खर्च झेपला नाही.

शेवटचा निर्णय मात्र जमीन घेते. वीस एकर म्हणजे सुमारे ८१,००० चौ. मीटर. त्यावर वर्षाकाठी शंभर-सव्वाशे दिवस कमाई करणारा पाळणा आणि शेजारच्या भूखंडावर विकल्या जाणाऱ्या सदनिका यांचा हिशेब मांडला की नवा पाळणा आणणे मालकाला मूर्खपणा वाटू लागतो. तिथून पुढे तो दुरुस्तीवर खर्च करतो तो वाट पाहण्यापुरताच. नवी मुंबईत चित्र थोडे वेगळे आहे. तिथली बहुतेक जमीन सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते आणि वापर बदलायला परवानगी लागते. त्यामुळे उद्यान घाईने मरत नाही. नेरूळचे वंडर्स पार्क महापालिकेचे. बराच काळ बंद राहूनही ते नूतनीकरणानंतर पुन्हा सुरू झाले. खासगी मालकीच्या भूखंडावर इतका धीर कोणी धरत नाही.

सार्वजनिक जमीन मात्र कायमचे कवच ठरत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे अप्पू घर १९८४ साली सुरू झाले आणि जागा सोडावी लागल्याने २००८ साली बंद पडले.

एस्सेल वर्ल्ड

ठाणेकरांच्या दोन-तीन पिढ्यांना या विषयातले पहिले आठवते ते गोराईचे एस्सेल वर्ल्ड. ते १९८९ साली उघडले. बोरिवलीकडून खाडी ओलांडून बोटीने, किंवा ठाण्याहून घोडबंदरमार्गे भाईंदर-उत्तन करत रस्त्याने, असे तिथे जात. १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आले. २०२२ साली एस्सेल वर्ल्ड बंद झाले, वॉटर किंगडम चालू राहिले. जागा तीच, बोट तीच, खारा वारा तोच. तरी कोरडे उद्यान गेले आणि ओले टिकले, हे नीट पाहण्यासारखे आहे. पंप, पाइप आणि फायबर भिवंडी-रबाळ्यातले कारागीर दुरुस्त करू शकतात. मोठ्या पाळण्याचा गिअर बॉक्स किंवा हायड्रॉलिक सील बाहेरून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत पाळणा उभाच राहतो. शिवाय २०१३पासून खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले होते. द्रुतगती मार्गाने नवी मुंबईकरांना ते गोराईपेक्षा सोयीचे पडले, आणि पाळणे नवे होते.

बंद करताना

शाळांचे आगाऊ पैसे आणि वार्षिक पासचे पैसे आधी परत करावेत. कायम कामगारांना पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाप्रमाणे भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळते. कंत्राटी जीवरक्षक, तिकीट फाडणारे, जवळच्या पाड्यांवरून येणाऱ्या सफाई करणाऱ्या बाया यांच्या हाती बहुधा काहीच पडत नाही. हिशेबात त्यांचे नाव आधी घ्यायला हवे.

यंत्रे सोडवताना क्लोरीनचा साठा आधी हलवतात, मग तेल काढतात, मग विजेचे पॅनेल. गॅस कटर सर्वांत शेवटी. पोलाद भंगारवाला नेतो, फायबर कोणी घेत नाही. चालू स्थितीतले पाळणे जत्रा-मेळ्यांत विकले जातात, आणि तिथे नोंदवही बरोबर न देणे हा गंभीर दोष आहे : घेणाऱ्याला पाळणा किती तास चालला आणि कोणता जोड पुन्हा वेल्ड केला ते कळत नाही.

तलाव मात्र लगेच कोरडे करू नयेत. पावसाळ्यात भूजल वर आले की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि तिची फरशी तडकते. तळाशी दाब सोडणारी झडप नसेल तर निम्म्यापर्यंत पाणी ठेवून द्यावे. त्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडतात, आणि क्लोरीन पूर्ण उतरल्याची चाचणी केल्याशिवाय ते सोडत नाहीत, नाहीतर दुसऱ्या सकाळी सगळे तरंगताना दिसतात.