ॲब्लेशननंतरचा फास्ट कार्डियाक एमआरआय

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, यात हृदयाचे ठोके बेताल पडतात. गोळ्यांनी भागत नसेल तर ॲब्लेशन करतात, म्हणजे जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) वर नेऊन डाव्या एट्रियममध्ये, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती गोल डागतात. एएफ सुरू करणारे ठोके बहुतेक या शिरांतूनच निघतात हे १९९८ मध्ये हाईसागेर यांच्या बोर्दोच्या टीमने दाखवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

डागलेल्याचा व्रण नीट झाला का, मध्ये फट राहिली का, हे एमआरआयमध्ये बघता येतं. सहसा ३ महिन्यांनी करतात. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचं इंजेक्शन देऊन १५-२० मिनिटं थांबायचं, व्रणात ते अडकून राहतं आणि तेवढा भाग पांढरा दिसतो.

खरी गोची पुढे आहे. एट्रियमची भिंत जेमतेम २-३ मिमी, ती ठोक्याने हलते, श्वासानेही हलते, म्हणून जुन्या पद्धतीत मशीन छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा ठरावीक जागी आला तरच डेटा घेतं आणि बाकीचा टाकून देतं, त्यात पेशंट धापा टाकत असला किंवा ठोके अजून बेतालच असले की स्कॅन लांबतच जातो, आणि तोवर गॅडोलिनियम रक्तातून उतरत राहतं, सुरुवातीला लावलेलं सेटिंग शेवटी चुकतं आणि इमेज धुरकट येते. म्हणजे स्पीड फक्त मशीनच्या बोगद्यात घुसमटणाऱ्या पेशंटच्या सोयीसाठी नाही.

वेळ वाचवायला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग वापरतात (एमआरआयमध्ये हे २००७ च्या सुमारास आलं): डेटा थोडाच आणि मुद्दाम विस्कळीत घ्यायचा, उरलेलं गणिताने भरायचं. काही पद्धतींत श्वासाची हालचाल मोजून दुरुस्त करतात, त्यामुळे डेटा टाकावा लागत नाही. आता एआयपण आलंय.

पण एमआरआयवरून सगळं ठरतं असं समजू नका. २०२२ च्या डेकॅफ-२ ट्रायलमध्ये एमआरआयवर दिसलेला फायब्रोसिसही (आधीपासूनचा, व्रणासारखा घट्ट झालेला भाग) जास्तीचा डागून बघितला, फायदा दिसला नाही. एएफ परत आलंय का ते अजूनही ईसीजी आणि होल्टरच (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) सांगतात. किडनी फारच खराब असेल तर गॅडोलिनियम जपूनच.

नाशकात एमआरआय सेंटरं बरीच आहेत, पण नेहमीचा कार्डियाक एमआरआय मुख्यतः खालच्या कप्प्यांचा असतो, डाव्या एट्रियमचा थ्रीडी स्कॅन होतो का ते वेगळं विचारावं लागतं. आणि पंचवटी एक्सप्रेसने मुंबईच्या डॉक्टरकडे निघालात तर नुसती फिल्म नेऊ नका, डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) सीडी मागून घ्या, मोजमाप त्यावरच होतं.