पार्श्वभूमी : जोडलं कोण, गाव की ग्रामपंचायत?

मेळघाटातल्या ढाण्यावरचा, म्हणजे छोट्या पाड्यावरचा, माणूस रेशनच्या ई-केवायसीसाठी रेंज शोधत दुसऱ्या गावी जातो, आणि त्याची ग्रामपंचायत इंटरनेट जोडणीच्या सरकारी तक्त्यात ‘सर्व्हिस रेडी’, म्हणजे सेवेसाठी तयार, असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हा घोळ २०११ चा.

त्या वर्षी ऑक्टोबरात केंद्राने गावांपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. २०१५ नंतर तीच भारतनेट झाली. पैसा सार्वत्रिक सेवा निधीतला, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधला. मोजायला एकक घेतलं ग्रामपंचायत. देशात साडेसहा लाखांच्या आसपास गावं, ग्रामपंचायती मात्र अडीच लाख. हिशेबाला ते सोयीचं होतं. मेळघाट आणि गडचिरोलीत मात्र गट ग्रामपंचायती जास्त. एकीखाली अनेक गावं, शिवाय ढाणे आणि टोले अशा वस्त्या. केबल कार्यालयाच्या भिंतीला लागली, यंत्र बसलं, की अख्खा गट ‘जोडलेला’. भिंतीपासून घरापर्यंत कोण नेणार, हे मोघमच राहिलं. त्यात जाळं माळेसारखं एका ओळीत टाकलेलं. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका जागी केबल तोडली की पलीकडची सगळी गावं बंद.

स्वयंसेवी संस्थांचं काम बहुतेक या भिंतीच्या पलीकडचं आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत निवडक संकेतस्थळं फुकट देण्याच्या प्रस्तावाला देशाच्या दूरसंचार नियामकाने नकार दिला, तेव्हा त्यांच्यातही मतभेद होते. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, असं म्हणणारेही होते.

त्याच वर्षी धारणी तालुक्यातलं हरिसाल ‘देशातलं पहिलं डिजिटल गाव’ झालं. टीव्ही वाहिन्यांमधल्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट देण्याचा प्रयोग एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीने झाला. प्रयोग वाईट नव्हता. घाई झाली ती बिरुदाची. २०१९ च्या लोकसभा प्रचारात एका नेत्याने भरसभेत गावाची अवस्था पडद्यावर दाखवली, सत्ताधाऱ्यांनी खुलासे केले. चर्चा जाहिरातीची झाली, लहरींची नाही.

गडचिरोलीचा हिशेब वेगळा. तिथे नक्षलग्रस्त भागासाठीचे टॉवर आले ते टूजीचे. ते फोरजी करायला मंजुरी २०२२ मध्ये मिळाली.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट आलं, १ लाख ३९ हजार कोटींचं. आता माळेऐवजी कडं, म्हणजे एकीकडे तुटलं तर दुसरीकडून चालू. ग्रामपंचायतीच्या मुख्यालयाबाहेरच्या गावांचा उल्लेखही प्रथमच ठळकपणे आहे, पण ‘मागणीनुसार’ या शब्दासह.