सॅक मोजायचे की शरीर? पास रशरच्या निवडीमागचा इतिहास

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला गाठून आडवं केलं की तो सॅक, आणि हे काम ज्याचं तो पास रशर. एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ दर एप्रिलमध्ये ड्राफ्टमधून कॉलेजचे खेळाडू उचलतात. आयपीएलसारखी बोली तिथे लागत नाही; तळाला राहिलेल्या संघाला पहिला मान मिळतो. त्यामुळे वरचा क्रमांक हाती असताना निवड चुकली, तर बसा वर्षभर वाट बघत. म्हणूनच पास रशर निवडताना कॉलेजमधले सॅक बघायचे की अंगकाठी आणि वेग, हा तिथला जुना वाद.

गंमत अशी की सॅकच्या ज्या आकड्यावरून आज एवढी भांडणं होतात, तो एनएफएलने खेळाडूच्या नावावर अधिकृतपणे मांडायला सुरुवात केली १९८२ मध्ये. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएएने तर २००० मध्ये. लॉस एंजेलिस रॅम्स संघाचा दिग्गज डीकन जोन्स १९७४ मध्ये निवृत्त झाला, म्हणून त्याच्या खात्यावर अधिकृत सॅक शून्य! १९६१ च्या ड्राफ्टमध्ये त्याला घेतलं होतं तेही थेट १४व्या फेरीत.

पास रशरचा भाव चढला तो नियम बदलल्यावर. १९७८ पासून पास झेलणाऱ्या रिसीव्हरला पाच यार्डांपुढे धक्का द्यायला बंदी आली, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या ब्लॉकरना हात लांब करून अडवायची मुभा मिळाली. पासिंग फोफावलं, आणि ते रोखणाराही महागला. १९८१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्या क्रमांकावर लॉरेन्स टेलरला घेतलं. १९८६ मध्ये २०.५ सॅक करून तो, बचावपटू असूनही, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे जो तो नवा टेलर शोधू लागला.

तो शोधायचा कसा? १९८७ पासून इंडियानापोलिसला भरणाऱ्या कम्बाइन या ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिरात ४० यार्डांची धाव, उभ्याने उडी, बेंच प्रेस असं सगळं मोजलं जातं. १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला खास याच चाचण्यांची तयारी करून आला आणि सगळ्यांचे डोळे दिपवून गेला. फिलाडेल्फिया ईगल्सने वरचा क्रमांक मिळवून त्याला सातवा निवडला. त्या सौद्यात टँपा बे संघाला बारावा क्रमांक मिळाला, त्यावर त्यांनी वॉरेन सॅप घेतला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मामुलाचं नाव मात्र फसलेल्या निवडीचं उदाहरण होऊन बसलं. हे जरा अन्यायाचंच, कारण ३१.५ सॅक काही टाकाऊ नव्हेत.

मग सॅकवरच भरवसा ठेवावा? अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या टेरेल सग्जने २००२ मध्ये २४ सॅकचा विक्रम केला, पण धावेची वेळ सुमार निघाली आणि तो दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोर रेव्हन्सचं फावलं. एनएफएलमध्ये त्याने १३९ सॅक केले. उलट ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनकडे २००७ चे १४ सॅकही होते आणि पिळदार शरीरही. न्यूयॉर्क जेट्सने त्याला २००८ मध्ये सहावा घेतला. तीन मोसमांत एकही सॅक नाही.

मला वाटतं, सॅक हा मुळातच कच्चा पुरावा आहे. मोसमाला मोजकेच मिळतात, आणि क्वार्टरबॅकने चेंडू हातात जास्त वेळ धरला किंवा मागच्या सहकाऱ्यांनी रिसीव्हर झाकून टाकले, तर आयते पदरात पडतात. म्हणूनच आता दर किती चालींमागे क्वार्टरबॅकवर दबाव आणला हे मोजतात. फिल्मवर स्काउट बघतात तो स्नॅपबरोबरचा, म्हणजे चाल सुरू होतानाचा, पहिला झटका, हातांची झटापट आणि 'बेंड', म्हणजे टॅकलला (कडेच्या ब्लॉकरला) वळसा घालताना अंग झुकवूनही वेग न सोडणं. समोरचा टॅकल कोण होता, हेही.

तरी वाद मिटलेला नाही. २०२२ च्या ड्राफ्टआधीच्या मोसमात मिशिगनच्या एडन हचिन्सनकडे १४ सॅक होते, जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरकडे फक्त सहा. पण वॉकरचे हात लांब, वेग अफाट. जॅक्सनव्हिलने वॉकरला पहिला घेतला, डेट्रॉइटने हचिन्सनला दुसरा. पहिल्या मोसमात हचिन्सनचे ९.५ सॅक आणि वॉकरचे ३.५, त्यामुळे जॅक्सनव्हिलची भरपूर टिंगल झाली. पुढच्या दोन्ही मोसमांत मात्र वॉकरने दहाचा आकडा गाठला.